मातीचीं चित्रें आणि त्यांची पुष्पिका

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांस माती परकी नाहीं. श्लोकांकांवर व पुष्पिकेवर चोळलेला गेरू, चुकलेल्या अक्षरांवर फिरविलेला पिवळा हरताळ, दिव्याच्या काजळींत डिंक खलून केलेली शाई, हीं सर्व भूमीचीं व रानाचीं द्रव्यें होत. नियम गुंडाळून ठेवणाऱ्याविषयीं आज आपण ‘हरताळ फासला’ म्हणतों, तेंही लेखनिकाच्या ह्याच द्रव्यावरून. तेव्हां माती, शेण, गेरू, पीठ व नदीचा गाळ ह्यांचीं चित्रें करणाऱ्या कलावंतांचा विचार ह्या पृष्ठांत करण्यास निराळी सबब नको. आमच्या मतें अशा कृतींची परीक्षा करण्यास पोथ्यांच्या अभ्यासानें जी शिस्त लावून दिली आहे तीच अधिक उपयोगी पडेल. आणि ती न पाळल्यामुळें एका मोठ्या परंपरेचा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत हातचा जात आहे.

उदाहरणादाखल दोन कलावंत घेऊं. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) हे डहाणू भागांतील वारली चित्रकार. रिचर्ड लाँग (जन्म १९४५) हे इंग्लंडांतील ब्रिस्टॉल शहरचे. १९८९ सालीं पॅरिस येथें ‘भूमीचे मांत्रिक’ अशा अर्थाचें नांव दिलेलें जें विख्यात प्रदर्शन भरलें, त्यांत दोघांचींही कामें होतीं. २००३ मध्यें लाँग ह्यांनीं वारली मुलुखांत येऊन कामें केलीं, व त्याच वर्षीं जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथील कुन्स्ट पालास्ट संग्रहालयानें दोघांच्या कृति ‘संवाद’ अशा नांवाखालीं एकत्र मांडल्या. असा योग आला म्हणजे जें बोललें जातें तें ठराविक असतें: दोघेही निसर्गाकडे वळलेले, दोघांची भाषा रेषेची व वर्तुळाची, दोघांनाही माती प्रिय. हें साम्य खोटें नाहीं. पण त्यावरून दोघांस एका माळेंत ओवणें म्हणजे अक्षराच्या वळणावरून दोन ग्रंथांचा कर्ता एकच ठरविण्यासारखें आहे. वळण एक असून पाठ सर्वस्वी भिन्न असूं शकतो.

लाँग ह्यांची १९६७ सालची कृति सुप्रसिद्ध आहे. एका गवताळ शेतांत ते एकाच रेषेंत येरझारा घालीत राहिले. तुडविलेल्या गवताची जी सरळ पट्टी उमटली तिचें त्यांनीं छायाचित्र घेतलें. पट्टी गेली, छायाचित्र उरलें. पुढें आपल्या प्रांतींच्या एव्हन नदीचा चिखल हातांनीं भिंतीवर थापून त्यांनीं मोठमोठीं वर्तुळें केलीं. त्यांतील कित्येक प्रदर्शन आटोपतांच नाहींशीं झालीं. येथें माती एका देहाची खूण क्षणभर धरून ठेवते. चालणारा एकटा असतो, त्याच्या चालण्यास साक्षी कोणी नसतो. म्हणून साक्षीचें काम कागदाकडे जातें.

वारली चौकाची रीति उलट आहे. कारवीच्या कुडाची भिंत, तिच्यावर शेणमातीचें लिंपण, त्यावर गेरूचा हात, आणि चेंचलेल्या बांबूच्या काडीनें ओढलेली तांदुळाच्या पिठाची पांढरी रेषा, एवढी त्याची सामग्री. लग्नाचा चौक सुवासिनी काढितात. त्यांत पालघट देवी बसते, धवलेरी गाणीं म्हणते, आणि चौकावांचून लग्नविधि पुरा होत नाहीं. कार्य झालें कीं चित्राचें प्रयोजन सरलें. मग तें धुरानें काळवंडो, पावसानें झडो कीं नव्या सारवणाखालीं जावो. ह्या चित्रास छायाचित्राची साक्ष नको, कारण सारा पाडाच त्याचा साक्षी असतो. प्रत्येक लग्नाचा चौक ही एकाच पाठाची नवी प्रत होय. आदर्श प्रत कोठेंच नाहीं, ती काढणारीच्या हातांत व स्मरणांत आहे.

१९७० नंतर भास्कर कुलकर्णी ह्यांच्यासारख्या जाणत्या कलावंतांच्या हातून वारली पाड्यांत कागद पोंचला आणि ही व्यवस्था पालटली. म्हसे ह्यांची प्रतिभा ह्या कागदावर प्रकट झाली. लहानपणीं आई गेल्यावर त्यांनीं बोलणें सोडलें व ते धुळींत चित्रें काढून मनांतलें सांगत, असें त्यांच्याविषयीं सांगितलें जातें. त्यांनीं विधीबाहेरचें जग चित्रांत आणिलें: पेरणी, नाच, मुंग्या, मासेमारी. मासेमारीच्या त्यांच्या एखाद्या मोठ्या चित्रापुढें उभें राहावें. जाळें इतक्या बारीक रेघांनीं विणलेलें असतें कीं प्रथम तें हललेलेंच दिसतें. मासा, होडी, माणूस हे मागाहून नजरेंत येतात. २०११ सालच्या पद्मश्रीनें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. पण पद्मश्री नसती तरी ही रेघ थोरच ठरली असती.

तथापि आम्हांस अधिक विचारार्ह वाटतें तें जाळ्यामागचें पृष्ठ. म्हसे ह्यांच्या उत्तरकालीन कित्येक चित्रांत पांढरा रंग दुकानांतला आहे. पिठाची जागा त्यानें घेतली. पण खालीं कापडावर लेप आहे तो शेणाचाच. रंग बदलला तरी भूमि सोडली नाहीं. हा केवळ सवयीचा भाग नव्हे. विष्णुधर्मोत्तराच्या तिसऱ्या खंडांतील चित्रसूत्र ज्यांनीं वाचलें असेल त्यांस स्मरेल कीं तेथें रंगाच्याही आधीं भिंतीची सिद्धता सांगितली आहे: विटांचें चूर्ण, माती, गुग्गुळ, मेण, गूळ ह्यांचा लेप कसा करावा ह्याचा विधि दिला आहे. भूमि सिद्ध झाल्यावांचून चित्रास आरंभ नाहीं, हा शास्त्राचा क्रम. कुडाच्या भिंतीपुढें वाढलेल्या चित्रकारानें कोणतेंही शास्त्र न वाचतां तोच क्रम कागदा-कापडावर पाळला. येथें माती शोभेसाठीं नाहीं, देहाची खूण म्हणूनही नाहीं. ती चित्रास बसावयाचें आसन आहे. लाँग व म्हसे ह्यांच्यामधील खरा भेद आमच्या मतें हा होय.

माती नाशिवंत म्हणून तिचीं चित्रेंही क्षणिक, हा दुसरा सर्वमान्य समजही तपासून घेतला पाहिजे. अजिंठ्याचीं चित्रें मातीच्याच लेपावर आहेत. त्या लेपांत भाताचा तूस व वनस्पतींचे तंतु मिसळलेले आहेत, आणि तांबडा, पिवळा व हिरवा रंग बव्हंशीं मातीचेच आहेत. रॉबर्ट गिल ह्यांनीं वर्षानुवर्षें खपून केलेल्या त्यांच्या तैलरंगांतील नकला १८६६ सालीं लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत बहुतेक जळाल्या. पुढें ग्रिफिथ्स ह्यांनीं मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांकडून करविलेल्या नकलांपैकीं अनेक १८८५ सालीं लंडनच्याच दुसऱ्या आगींत गेल्या. कापडावरची प्रत गेली, मातीवरचें मूळ राहिलें. उलट विसाव्या शतकांत संरक्षणार्थ चढविलेलें लाखेचें रोगण पिवळें पडून त्या चित्रांस बाधक झालें व तें काढण्याचे श्रम करावे लागले. टिकणें न टिकणें हें मातीच्या जातीवर नव्हे, तर तिच्याशीं कसें वागावें हें जाणणाऱ्यांवर अवलंबून असतें.

आतां पुष्पिकेकडे वळूं. लाँग ह्यांची मातींतील कृति नष्ट होते, पण तिच्या छायाचित्राखालीं स्थळ व वर्ष लिहिलेलें असतें. कित्येकदां किती दिवस व किती अंतर चालले हेंही. ही उत्तम पुष्पिका होय. आपल्या लेखनिकांनीं शक, संवत्सर, तिथि व ग्राम घातलें तेंच हें. ह्या बाबतींत इंग्लंडचा हा पथिक आपल्या लेखनिकांचा सगोत्र ठरतो. आणि वारली चित्रांचें काय? म्हसे ह्यांच्यासारख्या थोड्यांच्या सहीचीं चित्रें सोडलीं, तर संग्रहांत ‘वारली चित्र’ एवढ्या दोन शब्दांवर सर्व भागलेलें असतें. गांव नाहीं, साल नाहीं, पृष्ठ गेरूचें कीं शेणाचें तें नाहीं, हात कोणाचा तें नाहीं. जी पोथी कोठें, केव्हां व कोणी लिहिली हें ठाऊक नाहीं, तिच्यावरून सिद्धान्त बांधणारास आपण हंसतों. चित्रांच्या बाबतींत मात्र तेंच निमूट चालवून घेतों.

ह्यांत सर्वांत मोठी हानि झाली ती स्त्रियांची. भिंतीवरचा चौक सुवासिनींच्या हातचा होता. कागद आला, त्यावर सही आली, बाजार आला, तेव्हां नांवें पुढें आलीं तीं मुख्यतः पुरुषांचीं. म्हसे ह्यांच्या योग्यतेस ह्यामुळें यत्किंचित् उणेपणा येत नाहीं. पण ज्या हातांनीं हा पाठ पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राखला त्यांची नोंद आपल्या संग्रहांत जवळजवळ शून्य आहे.

ह्यावर असा आक्षेप येईल कीं विधीचें चित्र निनांवी असणें हाच त्याचा धर्म. त्यास कर्तृनाम चिकटविणें म्हणजे प्रक्षेप होय. आक्षेप विचार करण्याजोगा आहे, आणि त्यांतील तथ्य आम्ही मान्य करितों. चौकाखालीं सही मागूं नये. परंतु पुष्पिका म्हणजे सही नव्हे. कित्येक पोथ्यांत लेखनिकाचें नांव नसतें, तरी स्थल, काल व निमित्त असतें, आणि तेवढ्यावर इतिहासाचें काम चालतें. संमति मिळाल्यास नांव लिहावें; न मिळाल्यास ‘अमक्या पाड्यावर, अमक्या सालीं, लग्नानिमित्त, सुवासिनींच्या हातचें’ एवढें पुरे. हा प्रक्षेप नव्हे, ही त्रुटिपूर्ति होय.

आमच्या वाचकांत संग्राहक पुष्कळ आहेत व अनेकांजवळ वारली चित्रें असतील. त्यांनीं तीं काढून मागची बाजू पाहावी. जेथें कांहींच लिहिलेलें नाहीं, तेथें चित्र कोणाकडून व कोणत्या वर्षीं मिळालें, पृष्ठ कशाचें आहे, पांढरें पिठाचें कीं रंगाचें, हें स्वतंत्र कागदावर लिहून सोबत ठेवावें. चित्राच्या पाठीवर शाई लावूं नये, ती पुढें फुटते. कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या व सिमेंटच्या येत आहेत. त्यांवर गेरूचा हात पूर्वीसारखा बसत नाहीं. लिंपणास कोणती माती, ती कोठून आणीत, शेण किती, हें सांगणाऱ्या वृद्ध स्त्रिया जोंवर आहेत तोंवर त्यांस विचारून घेणें हें पोथी मिळविण्याइतकेंच, किंबहुना अधिक, निकडीचें आहे. पोथी कोनाड्यांत आणखी पन्नास वर्षें वाट पाहूं शकेल. ह्या आजीबाई पाहूं शकणार नाहींत.