धूर कोणी केला?

गेल्या खेपेला प्रश्नोत्तरं संपल्यावर जिन्यात दोन मुलं भेटली. भांडत होती. मला वाटलं, आत्मा आहे की नाही यावर चाललंय. तर नाही. खोपोलीच्या इमॅजिकामध्ये पुढचं मोठं रोलर कोस्टर कोणतं येणार, यावरून चाललं होतं. एक म्हणे, पाय लोंबकळणारं. दुसरा म्हणे, लाकडी. मी तिथेच जिन्यात बसले आणि अर्धा तास ऐकलं. आजचं बोलणं त्यातून निघालंय.

पस्तीस वर्षं मी वर्गात अनुमान शिकवलं. डोंगरावर धूर, म्हणून डोंगरावर अग्नी. एकाही विद्यार्थ्याचा श्वास त्या अग्नीने वाढल्याचं मला आठवत नाही. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार येतात, त्यातला शेषवत् म्हणजे परिणामावरून कारणाकडे जाणं. आपल्या शहाडच्या पुलावरून हे रोज करता येतं. इथे ऊन पडलंय आणि उल्हास मात्र गढूळ होऊन फुगली आहे. म्हणजे वर राजमाचीकडे, कर्जतकडे कोसळलाय. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हा हे सगळ्यांनाच कळलं.

ही मुलं तेच करतात आणि चांगलं करतात. जमिनीत ओतलेल्या पायांमधलं अंतर बघून वर वळण आहे की उतार, हे सांगतात. रुळाखालचा कणा चौकोनी पेटीसारखा दिसला की म्हणतात, स्वित्झर्लंडची बोलिगर अँड मॅबिलार्ड. इमॅजिकाची 'नायट्रो' याच कंपनीची. उद्यान २०१३मध्ये उघडलं, त्याच वर्षीची राइड. पायाखाली तळ नाही, पाच वेळा माणूस उलटा होतो. उंची ४० मीटर आणि वेग ताशी १०५ किलोमीटर, असे आकडे नेहमी सांगितले जातात.

त्या लाकडीवाल्या मुलाने मोबाइलवर मला हिशेब करून दाखवला. ४० मीटरवरून पडणारी वस्तू, हवा आणि घर्षण शून्य धरलं तरी, ताशी १०१ किलोमीटरच्या आसपास पोचते. १०५ला ४३ मीटर लागतात. "मग मॅडम, एक तर रूळ जमिनीच्या पातळीखाली उतरतो, नाहीतर आकडे कुठेतरी गोल केलेत." कोणता पर्याय खरा, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ते त्याने कबूलही केलं. मला फार बरं वाटलं. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत इतकं स्वच्छ उत्तर मिळत नाही, बरं का.

आता माझी तक्रार. ती पाय लोंबकळणाऱ्या बाजूच्या मुलाबद्दल आहे. त्याचा पुरावा काय? कुठल्याशा जाहिरातीतली सावली. अक्षराचा वळलेला शेंडा. "मॅडम, ते उगाच नाही ठेवत."

बरोबर. उगाच नाही ठेवत. तिथेच तर घोळ आहे. डोंगरावरचा धूर माझ्यासाठी कोणी केलेला नसतो, म्हणून तो खूण ठरतो. ज्याच्याकडे अग्नी आहे तोच मला दिसावा म्हणून धूर करत असेल, तर ती खूण राहिली नाही, ते बोलणं झालं. बोलण्याला अनुमानाचे नियम लावून चालत नाही, त्याला शब्दप्रमाणाचे लावावे लागतात. वात्स्यायनाने आप्ताच्या दोन अटी घातल्या आहेत. त्याने वस्तू प्रत्यक्ष जाणलेली हवी, आणि जशी जाणली तशी सांगायची त्याला इच्छा हवी. उद्यानवाला पहिली अट उत्तम पुरी करतो. दुसरी मात्र मुद्दाम मोडतो, कारण तोच त्याचा धंदा. त्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण तो आप्त नव्हे.

इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्सचं उदाहरण घ्या. ते लोक आगामी राइडला 'सिक्रेट वेपन' असं सांकेतिक नाव देतात. सहावं शस्त्र म्हणजे 'थर्टीन', मार्च २०१०मध्ये उघडलं. प्रचार असा, की काळजाच्या लोकांनीच यावं. तर्कांना ऊत आला. प्रत्यक्षात उंची २० मीटर, नायट्रोच्या निम्मी. एक गंमत खरी होती. अंधारात गाडी थांबते, रुळासकट खाली पडते आणि मग उलट्या दिशेने सुटते. जगात असं पहिल्यांदाच केलेलं. तरी पुष्कळ लोक उतरून म्हणाले, "एवढंच?"

या चाहत्यांकडे पुरावा नव्हता का? भरपूर होता. त्या उद्यानात झाडांच्या शेंड्यांवर काही बांधायचं नाही असं बंधन आहे. त्याचमुळे १९९४ची 'नेमेसिस' खड्डा खणून बसवली होती. हे प्रत्येक चाहत्याला पाठ. म्हणजे फार उंच काही येणार नाही, हे अनुमान हातात होतं. ते बाजूला ठेवून त्यांनी पेरलेला धूर हुंगला. निराशा राइडने केली नाही, असं माझं मत आहे. कोणी म्हणेल, मॅडम, मजा आहे, एवढं काय? मजा आहेच. वाट बघण्याचं सुख मीही जाणते.

पण हीच मुलं उद्या घर घेणार आहेत. आपल्याकडे बिल्डरच्या माहितीपत्रकात इमारतीच्या मागून मेट्रो धावताना दिसते, कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रस्तावित'. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झालं. रस्त्यात उभे असलेले खांब मोजणं वेगळं आणि चित्रातली गाडी बघून वीस वर्षांचं कर्ज काढणं वेगळं. पहिलं शेषवत्. दुसऱ्याला न्यायशास्त्रात नाव सापडत नाही, बँकेत सापडतं.

आणखी एक. राइड उघडल्यावर आपला जुना तर्क काढून बघणारा चाहता मला अजून भेटायचाय. सगळे पुढच्या राइडकडे निघालेले असतात. म्हणून त्या दोघांकडून मी लिहून घेतलंय. तारीख, तर्क, आणि प्रत्येक पुराव्यापुढे एक खूण: हा मला आपोआप दिसला की मला दाखवला गेला. लोंबकळणाऱ्याच्या यादीत सहापैकी पाच 'दाखवला' निघाले. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, "मॅडम, तरी माझंच बरोबर येईल." येईलही. योगायोगाने बरोबर आलेल्या ज्ञानाचं काय करायचं, यावर आपल्याला एक वेगळं व्याख्यान लागेल.

दोन्ही कागद माझ्या न्यायसूत्रांच्या प्रतीत ठेवलेत. इमॅजिकाने काही जाहीर केलं की इथेच उघडू.