उसन्या शब्दांतील ‘मी’ : कायली मिनोगच्या पहिल्या अल्बमविषयी

जुलै १९८८ मध्ये लंडनच्या पीडब्ल्यूएल या ध्वनिमुद्रिका-संस्थेने ‘कायली’ या नावाचा दहा गीतांचा अल्बम प्रसिद्ध केला. गायिका वीस वर्षांची होती आणि गायिका म्हणून तिची कीर्ती जेमतेम वर्षभराची होती. परंतु तिचा चेहरा ब्रिटनमधील घराघरांत ओळखीचा झालेला होता. मेलबर्नमध्ये चित्रित होणाऱ्या ‘नेबर्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत ती शार्लीन नावाच्या मोटार दुरुस्त करणाऱ्या मुलीची भूमिका करी, आणि १९८६ च्या ऑक्टोबरपासून ही मालिका बीबीसीवर रोज दाखविली जात होती. त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम हाच ठरला. त्याच वेळी प्रतिष्ठित संगीत-समीक्षेने त्याची जितकी हेटाळणी केली तितकी त्या दशकातील फार थोड्या अल्बमांच्या वाट्याला आली असेल. खप आणि हेटाळणी यांतील या अंतराचा उलगडा ‘लोकांची अभिरुची हीन असते’ एवढ्या एका वाक्यात करण्याची प्रथा आहे. तो उलगडा सोयीचा आहे, पण अपुरा आहे.

प्रथम निर्मितीची हकीकत पाहावी. १९८७ मध्ये मिनोगने ‘लोकोमोशन’ हे जुने गीत ऑस्ट्रेलियात ध्वनिमुद्रित केले. हे गीत मूळचे जेरी गॉफिन आणि कॅरोल किंग यांचे असून १९६२ मध्ये लिटल ईव्हाने ते गाजविले होते. मालिकेतील सहकाऱ्यांसमवेत एका फुटबॉल संघाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात तिने ते म्हटले, आणि त्यातून ध्वनिमुद्रिकेची कल्पना निघाली. ऑस्ट्रेलियात ते सात आठवडे अग्रस्थानी राहिले. या यशाच्या बळावर ती लंडनला माइक स्टॉक, मॅट एटकिन आणि पीट वॉटरमन या त्रयीकडे आली. या त्रयीने बनानारामा, रिक अ‍ॅस्टली इत्यादींची यशस्वी गीते एकामागून एक बाहेर काढली होती. दक्षिण लंडनमधील बरो या भागातल्या त्यांच्या कार्यस्थानाला ‘हिट फॅक्टरी’ हे नाव पडले होते, आणि वॉटरमनला त्यात अपमान वाटत नसे. डेट्रॉइटची मोटाउन ही संस्थाही गाण्यांचा कारखानाच होती, हे तो अभिमानाने सांगे.

पुढील कथा बहुश्रुत आहे. मिनोग येणार याचा स्टॉकला पत्ताच नव्हता. ती बाहेर वाट पाहत बसली आहे आणि तिला आजच काही ध्वनिमुद्रित करावयाचे आहे असे कळताच त्याच्या तोंडून उद्गार निघाला, तो ‘शी शुड बी सो लकी’ असा. मग सुमारे चाळीस मिनिटांत गीत रचण्यात आले. उद्गारातील तृतीय पुरुषाच्या जागी प्रथम पुरुष आला, आणि जिच्याविषयी उपहास झाला तिच्याच मुखी तो वाक्यप्रयोग घालण्यात आला. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात. तथापि ती खरी असो वा रचलेली, भाषेच्या अभ्यासकाने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये; कारण सर्वनामाचा हा पालटच अल्बमचे मर्म आहे.

‘आय शुड बी सो लकी’ हा वाक्यप्रयोग व्याकरणाच्या सामान्य नियमाने उलगडत नाही. येथील ‘शुड’ कर्तव्यार्थी नाही. हा प्रयोग यिद्दिशभाषक ज्यू समाजाच्या इंग्रजीतून आला, असे सामान्यतः मानले जाते. यिद्दिशमध्ये इच्छार्थ व्यक्त करणारे ‘झोल’ हे क्रियापद इंग्रजीत ‘शुड’च्या रूपाने उतरले, आणि इच्छेच्या वेषात निराशा बोलण्याची ती एक तऱ्हा होऊन बसली. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द आहे : ‘माझे कुठले एवढे भाग्य!’ यातील ‘कुठले’ हा प्रश्न नव्हे, तो नकार आहे. उलट ‘मी इतकी भाग्यवान व्हावी’ असे म्हटले तर विध्यर्थी रूपामुळे निखळ इच्छा व्यक्त होते. मराठी अनुवादकाला या दोहोंतून एकाची निवड करावीच लागेल; इंग्रजी वाक्य दोन्ही अर्थ एकदम वागविते. गीतातील प्रसंगही तसाच दुहेरी आहे. कल्पनेत प्रेम सुकर आहे, प्रत्यक्षात ते मिळत नाही. शिवाय ध्रुवपदात ‘लकी’ हा शब्द लागोपाठ इतक्या वेळा येतो, की अर्थ मागे पडून नादच उरतो. समीक्षकांनी ही पुनरुक्ती म्हणजे बुद्धिमांद्याचा पुरावा मानला. वास्तविक औपरोधिक वाक्यातील दंश बोथट करण्याचे काम तीच करते. स्टॉकच्या तोंडचा टोमणा मिनोगच्या तोंडी गोड होतो तो याच वाटेने.

आता ‘मी’ या सर्वनामाकडे वळता येईल. रोमान याकोबसनने १९५७ मध्ये ज्यांना ‘शिफ्टर’ म्हटले, त्या शब्दांत ‘मी’ अग्रगण्य आहे. उच्चारणारा बदलला की त्याचा निर्देशही बदलतो. अल्बममधील नऊ गीते त्रयीने लिहिली. त्यांतील ‘मी’ कोणा एकीसाठी घडविलेली नव्हती. ‘गॉट टू बी सर्टन’ हे गीत आधी मँडी स्मिथकडून गाऊन घेतलेले होते. ‘टर्न इट इंटू लव्ह’ ब्रिटनमध्ये त्याच वर्षी हेझेल डीनने गायिले, आणि जपानमध्ये विंक या जोडीने त्याचे जपानी रूपांतर अग्रस्थानी नेले. म्हणजे ही ‘मी’ रिकामी जागा होती. अन्य गायिकांना ती आपल्या आवाजाने भरावी लागली. मिनोगच्या बाबतीत ती श्रोत्यांनीच आधी भरून ठेवली होती. रोज सायंकाळी भेटणारी, प्रेमात हट्टी आणि बोलण्यात फटकळ शार्लीन त्या जागेत आपोआप जाऊन बसली.

मराठी वाचकाला येथे बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही रंगभूमीवरील कीर्ती मुद्रिकेत उतरली होती. पण साम्य एवढ्यावरच संपते. बालगंधर्वांची मुद्रिका विकत घेणाऱ्याने त्यांना रंगमंचावर ‘गाताना’ ऐकलेले असे, किंवा त्यांचे गाणे ऐकून तरी असे. शार्लीनची ख्याती गाण्याची नव्हती, पान्ह्याची होती.

मात्र शार्लीनची बोली गीतांत मुळीच येत नाही, ही गोष्ट समीक्षकांच्या नजरेतून निसटलेली दिसते. मिचेल आणि डेलब्रिज यांनी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियन इंग्रजीचे जे तीन स्तर सांगितले, त्यांपैकी मालिकेतील उच्चार मधल्या व खालच्या स्तरांत वावरतात. अल्बममध्ये ते स्वर जवळजवळ पुसले गेले आहेत. पीटर ट्रडगिलने १९८३ च्या निबंधात ब्रिटिश पॉप गायक गाताना अमेरिकन उच्चार का धारण करतात याची मीमांसा केली आहे : ज्या समाजाचा त्या कलेवर अधिकार मानला जातो, त्याचे अनुकरण होते. ‘कायली’मध्ये हे अनुकरणही पूर्ण नाही. उच्चार कोणत्याच एका गावाचा राहू नये इतका तो धुतलेला आहे. त्यात एकाच आवाजाचे एकावर एक चढविलेले थर. तेव्हा चेहरा मेलबर्नचा, शब्द लंडनचे आणि उच्चार कोठलाच नाही, अशी ही रचना आहे. तिचा ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन श्रोत्यांवर जो प्रभाव पडला तो अमेरिकेत पडला नाही, यातही नवल नाही. तेथे ‘लोकोमोशन’ तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले, पण अल्बम त्रेपन्नाव्या स्थानापुढे गेला नाही. रिकामी ‘मी’ भरण्यासाठी तेथील श्रोत्यांपाशी शार्लीनच नव्हती.

ब्रिटिश वृत्तपत्रांनी मिनोगला ‘सिंगिंग बजी’ असे नाव ठेवले. बजी म्हणजे बजरीगर, ऑस्ट्रेलियातला लहानसा पोपट. मराठीतही ‘पोपटपंची’ आहेच. या उपमेत आकाराची आणि देशाची चेष्टा आहे. पण मुख्य आरोप असा, की ती जे बोलते ते तिचे नाही. आरोप वस्तुतः खरा आहे. प्रश्न एवढाच की तो दोष कसा? बहुसंख्य गायक दुसऱ्याचे शब्द गातात, आणि त्यांना कोणी पोपट म्हणत नाही. स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या पुरुषांना ‘कारागीर’ आणि गाणाऱ्या मुलीला ‘पक्षी’ ठरविण्यात समीक्षेने गायनाचे मूल्यमापन केले नाही. श्रमाची वाटणी कोणाला शोभते याचा निवाडा दिला. दुसऱ्या बाजूने, मिनोगच्या पुढील यशाचा दाखला देऊन या अल्बमचे समर्थन करणारेही न्याय्य नाहीत. ‘लुक माय वे’ आणि ‘आय मिस यू’ ही गीते १९८८ मध्ये पोकळ होती आणि आजही पोकळ आहेत. ‘जे ने से पा पुर्क्वा’ मधील फ्रेंच शब्द तर शोभेच्या पाटीसारखे लावलेले आहेत. ‘टर्न इट इंटू लव्ह’ मात्र उत्तम बांधणीचे आहे, आणि ‘इट्स नो सीक्रेट’ मध्ये फसवणूक झालेल्या स्त्रीचा संयत स्वर आवाजाच्या मर्यादेतच साधला आहे.

१९९६ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील काव्यवाचनाच्या कार्यक्रमात निक केव्हच्या आग्रहावरून मिनोगने ‘आय शुड बी सो लकी’ हे गीत न गाता कविता म्हणून वाचले. ताल काढून घेतला की ध्रुवपदातील पुनरुक्ती उघडी पडते, आणि वाचणारीला प्रत्येक ‘लकी’वर किती जोर द्यावयाचा हे ठरवावे लागते, म्हणजेच ‘व्हावी’ आणि ‘कुठले’ यांतून एकाची निवड करावी लागते. १९८८ च्या मुद्रणात ही निवड करण्याची पाळीच येत नाही, कारण पुढचा ठेका ती लांबणीवर टाकीत जातो. अल्बममधील इतर गीतांपैकी असे वाचन सोसेल असे ‘इट्स नो सीक्रेट’ एकच.