पर्वतकन्येचे लग्न आणि कॅमेरा

डोंगरमाथ्यावर लग्न लावावयाचे आणि त्याचा छायाचित्रसंग्रह आप्तेष्टांकडे धाडावयाचा, ही रीत गेल्या काही वर्षांत आपल्या लोकांतही चांगलीच रुळली आहे. परप्रांती नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांना अशा संग्रहांचे महत्त्व निराळे सांगावयास नको. रजा मिळत नाही, मिळाली तर गाडीत जागा मिळत नाही, आणि पुतणीचे लग्न पाहावयाचे ते अखेर या चित्रांतूनच. म्हणूनच त्यांत लग्न कितपत उरते, हा प्रश्न आम्हांस केवळ हौसेचा वाटत नाही.

‘अस्सल’ आणि ‘निसर्गाच्या सान्निध्यातील’ म्हणून वाखाणलेल्या या चित्रांत दरी असते, धुके असते, वाऱ्यावर उडणारा शेला असतो, आणि या सर्वांच्या एका कोपऱ्यात मुंगीएवढे वधूवर असतात. मामा नसतो, करवली नसते, भटजींची तर पाठही दिसत नाही. जुन्या स्टुडिओंतून जोडप्यामागे रंगविलेला पडदा सोडीत. त्यावर तळे आणि निळे डोंगर असत. त्या पडद्याला आपण हसलो. आता त्याच्या जागी खरा सह्याद्री आला खरा, परंतु त्याला नेमून दिलेले काम पडद्याचेच राहिले. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

हे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे तिरुनागेश्वरम् आहे. कुंभकोणमपासून सुमारे सहा किलोमीटरांवरचे हे गाव कावेरीच्या सपाट भातमुलखात वसलेले. डोंगर म्हणून कोठे दृष्टीस पडत नाही. तरीही नागनाथस्वामींच्या देवळातील देवीचे नाव गिरिगुजांबिका. जवळच उप्पिलियप्पनचे विष्णुमंदिर आहे. भाविक या देवास तिरुपतीच्या व्यंकटेशाचा थोरला भाऊ मानतात आणि तिरुपतीस बोललेले नवस येथे फेडतात. म्हणजे डोंगरावरच्या देवाचे नाते या सपाटीशी जोडलेले आहे.

येथील स्थलकथा लग्नाचीच आहे. मार्कंडेय ऋषींना तुळशीखाली एक बालिका सापडली. ती साक्षात भूदेवी. विष्णू वृद्ध ब्राह्मणाच्या रूपाने तिला मागणी घालण्यास आले. मुलगी लहान, तिला मीठ घालून स्वयंपाकही करता यावयाचा नाही, असे ऋषींनी सांगून पाहिले; पाहुण्याने अळणी अन्न पत्करले. आजही येथील नैवेद्य बिनमिठाचा असतो. (‘ओप्पिलियप्पन’ म्हणजे ज्याला तोड नाही असा स्वामी, त्याचा ‘उप्पिलियप्पन’, म्हणजे बिनमिठाचा स्वामी, लोकांच्या जिभेने केला. तमिळ कामापुरती शिकलेल्यासही ही गंमत कळेल.) गाभाऱ्यात देव पूर्वाभिमुख उभा आहे, त्याच्या उजव्या हातास उत्तरेकडे तोंड करून बसलेली भूदेवी, आणि डाव्या हातास दक्षिणाभिमुख मार्कंडेय, कन्यादानाच्या पवित्र्यात.

लग्नाच्या चित्राची याहून नेटकी रचना आम्हांस सुचत नाही. वर, वधू आणि मुलगी देणारा बाप. यांतील एक जरी वगळला तरी ते लग्न राहत नाही. निसर्ग हवा म्हणाल तर तो मागे पसरलेला नाही. वधू हीच भूमी आहे.

घारापुरीच्या सहाव्या शतकातील लेण्यांत शिवपार्वतीच्या विवाहाचा जो शिल्पपट आहे, तोही या दृष्टीने पाहावा. हे तर सरळसरळ पर्वतकन्येचे लग्न. शिल्पकाराने हवे तेवढे कडे आणि शिखरे कोरली असती. रावण कैलास हलवितो त्या पटात पर्वत आहेच. विवाहपटात मात्र हिमालय मनुष्यरूपाने, वधूपिता म्हणून उभा आहे. ब्रह्मदेव खाली बसून होम करीत आहेत, आणि वधू, लग्न लागेतो असावयाची तशी, वराच्या उजव्या बाजूस. तंजावरच्या कलादालनातील तिरुवेंकाडूच्या अकराव्या शतकातील कांस्यमूर्तींत तर होमकुंडही दिसत नाही. हातात हात देतानाची पार्वतीची खाली वळलेली मान तेवढी पुरते. रुद्रप्रयाग जिल्ह्यातील त्रियुगीनारायण येथे, जेथे हे लग्न लागले असे मानतात, हल्ली पुष्कळ जोडपी लग्नासाठी जातात. तेथील चित्रांत हिमशिखरे भरपूर असतात. हिमालय मात्र सासरा म्हणून क्वचितच भेटतो.

डोंगरावरच्या प्रकाशाचे गुण आम्ही नाकारीत नाही. सकाळच्या धुक्यातून गाळून आलेले ऊन चेहऱ्यावर सावल्यांचे डाग पाडीत नाही, आणि होमाचा धूर त्या तिरप्या उन्हात जसा उठून दिसतो तसा कार्यालयाच्या दिव्यांत कधीच दिसणार नाही. परंतु भटजींचा मुहूर्त आणि छायाचित्रकाराचा प्रकाश यांची वेळ जुळत नाही, आणि तेव्हा हार भटजींची होते. अंतरपाट दूर होण्याचा क्षण निमिषाचा. तो हुकला की छायाचित्रकार ‘पुन्हा एकदा’ म्हणतो. अंतरपाट पुन्हा धरला जातो, अक्षता पुन्हा उडतात. चित्र निर्दोष उतरते. त्यातील मुलीच्या चेहऱ्यावर मात्र समोरचा माणूस दिसल्याचा भाव नसतो, सांगितलेले नीट केल्याचा असतो. अशा चित्राला अस्सल म्हणणे आम्हांस जड जाते. अंधुक, हललेले, पण पहिल्याच वेळचे चित्र आम्ही त्याहून वर ठेवू.

विषयापुढे कॅमेऱ्याने कसे नमावे याचा नमुना याच भागात घडला आहे. 1858 साली लिनियस ट्राइप याने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील शिलालेख टिपले, ते 21 चित्रे एकास एक जोडून. ती पट्टी सुमारे 19 फूट लांब भरली. लेख जेवढा लांब, तेवढे चित्र. उलट, 2022 च्या डिसेंबरात मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठास तमिळनाडूच्या देवळांत मोबाइल नेण्यावर बंदीचा आदेश द्यावा लागला, तो देवळात लोक पाहण्याऐवजी टिपू लागले म्हणूनच.

तेव्हा तिरुचिरापल्ली वा तंजावरकडे बदली झालेल्यांनी ऐप्पसी महिन्यातील श्रवण नक्षत्राच्या सुमारास, त्या लग्नाच्या दिवसांत, उप्पिलियप्पनला जाऊन यावे, आणि गाभाऱ्यासमोर मार्कंडेयांकडे विशेष लक्ष द्यावे. रजेवर मुंबईस जाणाऱ्यांना घारापुरी आहेच. फक्त सोमवार टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात.