‘विश्वास ठेवा’ आणि ‘विश्वास बसतो’ : फ्लूच्या लशीविषयीच्या मराठी लेखनाचे परीक्षण

मराठीत ‘विश्वास’ या नामाबरोबर येणारी दोन क्रियापदे अर्थाच्या दृष्टीने एकमेकांपासून बरीच दूर आहेत. ‘विश्वास ठेवणे’ ही कर्त्याच्या इच्छेने होणारी क्रिया होय. म्हणून तिचे आज्ञार्थी रूप सहज होते. ‘विश्वास बसणे’ ही क्रिया मात्र कोणाच्या इच्छेने घडत नाही. ‘तिचा त्या डॉक्टरांवर विश्वास बसला’ या वाक्यात व्याकरणदृष्ट्या ‘विश्वास’ हाच कर्ता आहे, आणि ती बाई केवळ षष्ठीने त्याच्याशी जोडलेली आहे. विश्वास बसण्याची आज्ञा कोणासही करता येत नाही. तो बसण्यास काही कारण घडावे लागते. लहान मुलांना द्यावयाच्या फ्लूच्या लशीसंबंधी २००९ नंतर मराठीत जे प्रबोधनपर लेखन झाले, त्यात हस्तपत्रके, दवाखान्यांतील फलक आणि वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक सदरे यांचा समावेश होतो. या लेखनाचा मुख्य दोष वरील एका भेदाच्या आधारे सांगता येण्याजोगा आहे. ते आईबापांना विश्वास ठेवण्यास सांगते. तो बसेल अशी सामग्री त्यांच्यापुढे क्वचितच ठेवते.

१

प्रथम ‘लस’ हा शब्दच पाहावा. जखमेतून वा फोडातून स्रवणारा पातळ, चिकट द्रव हा त्याचा जुना अर्थ. १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण समजले जाते. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याच्या दंडावर टोचीत, म्हणून ‘लस’ हे नाव वस्तूला अक्षरशः लागू होते. लोकांनी या क्रियेला ‘देवी काढणे’ असे म्हटले. टोचल्यावर काही दिवसांनी फोड ‘उठत’ आणि त्याचा वण जन्मभर राही. लस लागू झाली किंवा नाही हे आईला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येई. पुढे देवीचा रोग मुलाला झाला नाही, हेही तिला दिसे. विरोध त्याही काळी झाला. परंतु पटवून देण्याचे पुष्कळसे काम दंडावरचा वणच करी.

फ्लूच्या लशीला असा वण नाही. ती टोचल्याची खूण दुसऱ्या दिवशी उरत नाही. ज्या मुलाला लस दिली त्याला पुढल्याच महिन्यात सर्दी होऊ शकते. आणि ज्याला दिली नाही ते मूल सबंध पावसाळा धडधाकट राहू शकते. लशीचा गुण हजारो मुलांची तुलना केल्यावर आकड्यांत दिसतो, एका घरात दिसत नाही. जेथे डोळ्यांना पुरावा मिळत नाही तेथे सारा भार शब्दांवर पडतो. म्हणूनच या लशीच्या संदर्भात शब्दांची हयगय ही अन्य कोणत्याही लशीच्या मानाने अधिक महाग पडते.

२

ही हयगय ‘फ्लू’ या शब्दापासूनच सुरू होते. १९१८ च्या साथीला महाराष्ट्रात ‘मानमोडी’ हे नाव मिळाले होते. ते नाव एका विशिष्ट अनुभवाचे होते; साध्या पडशाला कोणी मानमोडी म्हणत नसे. ‘फ्लू’ने ते नाव मागे टाकले, आणि मराठीत येताच त्याचा अर्थ फैलावत गेला. शहरी घरांत आज कोणत्याही सर्दी-तापाला ‘फ्लू’ किंवा ‘व्हायरल’ म्हणतात. २०२२ मध्ये मुलांच्या अंगावर पुरळ आणणाऱ्या एका आजाराला वृत्तपत्रांनी ‘टोमॅटो फ्लू’ म्हटले. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली, तिला ‘आय फ्लू’ म्हटले गेले. या दोहोंचा इन्फ्लुएंझाच्या विषाणूशी काहीही संबंध नव्हता.

अशा स्थितीत ‘फ्लूची लस घ्या, फ्लूपासून बचाव करा’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात एका विषाणूपुरते असते आणि वाचणाऱ्याच्या मनात प्रत्येक सर्दी-खोकल्याला लागू असते. लस दिलेल्या मुलाला आठ दिवसांनी दुसऱ्याच विषाणूमुळे ताप आला, म्हणजे आई म्हणते, ‘लस घेऊनही फ्लू झालाच.’ तिचे विधान वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे असेल. तथापि तिला ज्या भाषेत वचन दिले गेले त्या भाषेत ते बरोबर आहे. वचन मोडले असे तिला वाटते, आणि त्याचा दोष तिच्याकडे जात नाही.

३

दुसरी अडचण कालाची व परिमाणाची आहे. गोवराची लस बालपणी दोनदा घेतली की काम भागते. मग ही लस दरवर्षी का, हा पालकांचा प्रश्न अत्यंत स्वाभाविक आहे. त्याचे खरे उत्तर सोपे आहे. इन्फ्लुएंझाचा विषाणू आपले बाह्यरूप सतत पालटतो. लशीने मिळालेले संरक्षणही काही महिन्यांत उतरू लागते. यास्तव जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीच्या घटकांविषयी शिफारस करते. महाराष्ट्रात या तापाचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून लस पावसाळ्यापूर्वी घेणे इष्ट. मूल सहा महिन्यांचे झाल्यानंतर पहिल्याच वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. हे सारे चार वाक्यांत सांगता येते. प्रत्यक्षात मात्र वार्षिक मात्रेला सर्रास ‘बूस्टर’ म्हटले जाते. ‘बूस्टर’ म्हणजे जुन्याच लशीला दिलेला जोर, असा अर्थ पालक घेतात. मग पहिली लस कच्ची होती काय, अशी शंका त्या शब्दातूनच जन्म घेते.

परिमाणाच्या बाबतीत ‘पूर्णतः’ हे क्रियाविशेषण सर्वांत घातक ठरले आहे. लशीतील घटक आणि त्या वर्षी पसरलेला विषाणू यांचा मेळ चांगला जमला, तर डॉक्टरांकडे जाण्याइतका आजार होण्याचा संभव साधारणतः ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. मेळ जमला नाही तर तो त्याहूनही कमी घटतो. ज्यांना लागण होते त्यांचा आजार बहुधा सौम्य राहतो. पाच वर्षांखालील मुलांना, विशेषतः दोन वर्षांखालील बालकांना, इन्फ्लुएंझाने न्यूमोनिया होण्याचा धोका अधिक असतो हे ध्यानी घेता एवढा लाभही लहान नव्हे. ‘पूर्ण संरक्षण’ असे म्हटल्याने मात्र हा खरा लाभ खोटा ठरतो.

‘पूर्णतः सुरक्षित’ या पदाचेही तसेच आहे. टोचून द्यावयाच्या फ्लूच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखणे, एक-दोन दिवस अंग गरम राहणे हे नेहमीचे परिणाम होत. परंतु १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूविरुद्ध सुमारे साडेचार कोटी लोकांना लस दिल्यानंतर गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे प्रमाण लाखात सुमारे एकाने वाढल्याचे आढळले, आणि ती मोहीम थांबविण्यात आली. २००९-१० च्या साथीत युरोपात वापरलेल्या एका लशीनंतर फिनलंड व स्वीडन येथे काही मुलांना अनावर झोपेचा विकार जडला. तोही संबंध शास्त्रज्ञांनीच उघड केला. ती लस आज वापरात नाही. या घटना दडविण्याजोग्या नाहीत. धोक्याचा शोध चालू असतो आणि तो सापडताच लस थांबविली जाते, याचा त्या पुरावा आहेत. प्रबोधनपर लेखन त्या वगळते, आणि भ्रमणध्वनीवर फिरणारा संदेश त्या निम्म्या सांगतो. मग अर्धसत्याला पूर्ण मौनापेक्षा अधिक वजन येते.

४

या लेखनाच्या वाक्यरचनेतही एक लक्षणीय गोष्ट आढळते. ‘बालकांचे लसीकरण करून घ्यावे’, ‘लस देण्यात येईल’, ‘लक्षणे आढळल्यास संपर्क साधावा’ ही त्यातील नित्याची वाक्ये. लस कोण देणार, संपर्क कोणाशी साधावयाचा, रात्री ताप चढला तर दार कोण उघडणार, हे या कर्तृहीन रचनेत लुप्त होते. मूल येथे ‘लाभार्थी’ असते. म्हणजे जे त्याला मिळते ते हक्काने मिळत नसून लाभ म्हणून मिळते, असा ध्वनी त्यातून निघतो. प्रत्यक्षात खेड्यातील आई लशीवर विश्वास ठेवीत नसते. ती आशाताईंवर किंवा केंद्रातल्या सिस्टरवर विश्वास ठेवीत असते. पत्रकातून नेमक्या याच व्यक्ती नाहीशा झालेल्या असतात.

याहून मोठा दोष ‘समज व गैरसमज’ या सर्वप्रिय सदरात आहे. तेथे पालकांचे प्रत्येक म्हणणे डाव्या बाजूस ‘गैरसमज’ म्हणून मांडलेले असते आणि उजव्या बाजूस त्याचे खंडन असते. ‘लशीने फ्लू होतो’ हा गैरसमज खरा. पण ‘ही लस इतकी आवश्यक असेल तर शासन ती सर्व मुलांना का देत नाही?’ हा गैरसमज नव्हे, प्रश्न आहे. ‘मागच्या वर्षी घेऊनही ताप आला’ हा अनुभव आहे. ‘एवढ्या सुया कशाला?’ ही कणव आहे. प्रश्न, अनुभव, कणव आणि अफवा या चार भिन्न गोष्टींना एकच नाव दिले म्हणजे विचारणारा आपोआप अज्ञानी ठरतो, आणि पुढल्या वेळी तो विचारीत नाही. आपल्या शास्त्रग्रंथांची पद्धती याहून उदार होती. तेथे पूर्वपक्ष त्याच्या संपूर्ण बळासह मांडल्याविना उत्तरपक्षास अधिकार प्राप्त होत नसे. आरोग्यविषयक मराठी लेखनाने पूर्वपक्ष गाळला आहे.

५

वर उल्लेखिलेला शासनाविषयीचा प्रश्न हाच सर्वांत बलवान पूर्वपक्ष होय. केंद्र शासनाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस समाविष्ट नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना ती दरवर्षी द्यावी अशी शिफारस करते. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला. त्यानंतर २०१५ मध्ये महाराष्ट्रात गरोदर स्त्रिया आणि अन्य जोखमीच्या व्यक्तींसाठी मोफत लशीचा उपक्रम सुरू झाला. सर्व बालकांपर्यंत मात्र तो पोहोचला नाही. परिणामी बहुतेक मुलांच्या बाबतीत ही लस खासगी दवाखान्यात, पदरचे पैसे मोजून घ्यावी लागते. ‘सरकार देत नाही आणि डॉक्टर विकतो’ या वस्तुस्थितीतून पालकांनी जो तर्क काढावा तो ते काढतात. याचे उत्तर देता येते: सार्वत्रिक कार्यक्रमात कोणती लस घ्यावयाची हे रोगाचा भार, खर्च आणि कोट्यवधी मुलांना दरवर्षी लस टोचण्याची यंत्रणा यांवरून ठरते, यादीत नसणे म्हणजे निरुपयोगी असणे नव्हे. परंतु हे उत्तर पत्रकांत सहसा छापलेले नसते.

याउलट, विश्वास केवळ शब्दांनी बसतो असे मानणेही भाषेच्या अभ्यासकाला शोभणार नाही. १८९७ मध्ये हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. याहून प्रभावी विधान शब्दांत करता येणार नाही. पण त्याच वर्षी पुण्यात घरांच्या झडत्या आणि सक्तीचे विलगीकरण यांनी असंतोष पराकोटीस गेला आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. असंतोष लशीविषयी नव्हता. तरी झडती घेणारे आणि लस देणारे सरकार एकच होते. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे प्लेगची लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो दूर होण्यास १९०७ साल उजाडले. आपल्या काळातही, ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओ लशीऐवजी १२ बालकांच्या तोंडात जंतुनाशक द्रवाचे थेंब गेले. मुले सुदैवाने वाचली. अशा घटनेनंतर कोणत्याही पत्रकातील ‘पूर्णतः’ हा शब्द त्या गावात उच्चारण्याजोगा राहत नाही. तेथे काय घडले, कोणी चुकले आणि पुढे काय बदलले हे सांगणारी व्यक्तीच कामाची असते.

तेव्हा या लेखनाकडून अपेक्षा माफक आहे. ते पुढीलप्रमाणे बोलले तरी पुरे: ‘ही लस प्रत्येक सर्दी-खोकल्यावर नाही, इन्फ्लुएंझा नावाच्या तापावर आहे. लस घेतलेल्या मुलालाही तो ताप येऊ शकतो, पण येण्याचा संभव कमी होतो आणि आला तर बहुधा हलका येतो. दोन दिवस दंड दुखेल, अंग गरम होईल. याहून वेगळे काही वाटले तर या ताईंना, या क्रमांकावर, कोणत्याही वेळी कळवा.’ या वाक्यांत एकही पारिभाषिक शब्द नाही, आणि एकही वचन असे नाही की जे पावसाळा संपण्यापूर्वी मोडेल. शेवटच्या वाक्यातील दूरध्वनी रात्री दोन वाजता कोणी उचलला, तर ‘विश्वास ठेवा’ असे छापण्याची आवश्यकता उरणार नाही.