आडातले आणि पोहऱ्यातले : तारकीय वर्णपटांच्या सामाईक संग्रहांविषयी

दूरच्या दीर्घिकेचे वय ठरविणे हे न पाहिलेल्या गावाची शिरगणती करण्यासारखे आहे. गावातील माणूस एकही दिसत नाही; दिसतो तो सगळ्या घरांतील दिव्यांचा मिळून झालेला एकच उजेड. त्या उजेडाचा वर्णपट घ्यावयाचा आणि त्यात कोणत्या जातीचे दिवे किती असावेत हे गणिताने ओळखावयाचे, अशी ही रीत. बिअट्रिस टिन्स्ली यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दीर्घिकेतील तारे जन्मतात, वाढतात आणि विझतात तसतसे तिचे रंग व तेज कसे बदलत जाते याचे गणित मांडले, आणि या रीतीला पद्धतशीर शास्त्राचे रूप येऊ लागले असे म्हणावयास हरकत नाही. या गणिताला तीन गोष्टी पुरवाव्या लागतात. कोणत्या वस्तुमानाचे तारे किती जन्मतात याचा नियम ही पहिली; एडविन साल्पीटर यांनी १९५५ साली तो प्रथम मांडला. प्रत्येक तारा आयुष्यभर कोणत्या मार्गाने जातो याची कोष्टके ही दुसरी. त्या मार्गावरील प्रत्येक मुक्कामी त्याचा वर्णपट कसा असतो याचा संग्रह ही तिसरी. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः ही तिसरी गोष्ट आहे.

पूर्वी बहुतेक संशोधकगट आपापली कोष्टके आणि आपापले वर्णपट वापरीत. त्यामुळे दोन गटांच्या उत्तरांत तफावत पडली, तर ती दीर्घिकेच्या स्वभावामुळे, गणितामुळे की कोष्टकांमुळे, हे सांगणे दुरापास्त होई. १९९५ साली क्रीट बेटावर तारे व दीर्घिका यांच्या परस्परसंबंधावर एक परिषद भरली. तिच्या निमित्ताने क्लाउस लाइथरर आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी १९९६ साली दीर्घिकांच्या उत्क्रांतीच्या प्रतिमानांसाठी एक सामाईक संग्रह सिद्ध केला. ताऱ्यांचे मार्ग, तारकीय वातावरणांची गणिते, प्रत्यक्ष घेतलेले वर्णपट आणि दीर्घिकांचे नमुने असे सारे एकत्र करून अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सीडी-रॉम मालेत ते सर्वांसाठी खुले केले गेले. आज ती चकती ज्यात घालावी असे यंत्र विभागात शोधावे लागेल, ही गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षे खपून मिळविलेली सामग्री प्रतिस्पर्ध्यांच्याही हाती देण्यात जे औदार्य आहे, त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पुढे जी टीका केली आहे ती या औदार्यावर नाही. घेणाऱ्याने ते कसे घेतले याविषयी ती आहे.

आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. या संग्रहांचा आड म्हणजे सूर्याच्या शेजारचे आकाश. चांगला वर्णपट घ्यावयाचा तर तारा पुरेसा तेजस्वी हवा, आणि असे तारे बहुतांशी जवळचेच असतात. परंतु ज्या दीर्घिकांना हे वर्णपट लावावयाचे, त्यांचा इतिहास सूर्याच्या परिसराचा नाही. महाकाय लंबवर्तुळाकार दीर्घिकांत लोहाच्या मानाने मॅग्नेशियम अधिक असते, हे वर्दी, फेबर आणि गोन्सालेझ यांनी १९९२ साली दाखवून दिले. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. मॅग्नेशियम अल्पायुषी जड ताऱ्यांच्या स्फोटांतून लवकर बाहेर पडते, तर लोहाचा बराचसा वाटा श्वेतखुज्या ताऱ्यांच्या स्फोटांतून सावकाश येतो. तेव्हा ज्या दीर्घिकेने आपले तारे घाईने घडविले, तिच्यात लोह मागे पडते. आपल्या परिसरातही अशा अधिक मॅग्नेशियमचे तारे आहेत, पण ते बहुधा जुने आणि एकंदर धातूंनी दरिद्री असतात. धातूंनीही श्रीमंत आणि मॅग्नेशियमनेही श्रीमंत असे तारे शोधावयाचे तर आकाशगंगेच्या मध्यवर्ती फुगवट्याकडे जावे लागते. तेथील तारे दूरचे, अंधुक आणि धुळीने झाकलेले असल्यामुळे संग्रहांत त्यांची संख्या फारच थोडी. सैद्धांतिक वर्णपटांच्या साहाय्याने ही उणीव भरून काढतात. उपाय रास्त आहे. मात्र त्या गणिताला लागणाऱ्या रेषांच्या याद्याही अपुऱ्या आहेत, हे लक्षात ठेवावे लागते.

येथपर्यंतची उणीव उघड आहे आणि जाणकार ती सांगतातही. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म असून, आपल्या विद्यार्थ्यांना तिचाच धोका जास्त आहे. तिचे उदाहरण मी मुद्दाम घरचेच घेतो. पुण्याच्या आयुकातील रंजन गुप्ता आणि दिल्लीचे हरिंदर सिंग यांचा ज्यात वाटा होता, तो इंडो-यूएस संग्रह फ्रान्सिस्को व्हाल्देस आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. किट पीक येथील ०·९ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने १,२७३ ताऱ्यांचे वर्णपट घेतले. त्यांपैकी ८८५ ताऱ्यांचे वर्णपट ३,४६० पासून ९,४६४ अँगस्ट्रॉमपर्यंत जवळजवळ अखंड आहेत, आणि विभेदन सुमारे १ अँगस्ट्रॉमचे आहे. रेषांच्या अभ्यासाला हा संग्रह फार मोलाचा ठरला. परंतु वर्णपटात रेषांखेरीज आणखी एक गोष्ट असते : निळ्याकडून तांबड्याकडे जाताना तेजाचा चढउतार कसा आहे, म्हणजे त्याचा एकंदर कल. इंडो-यूएस संग्रहातील हा कल थेट मोजलेला नाही. प्रत्येक वर्णपट त्या जातीशी जुळणाऱ्या, पिकल्स यांच्या १९९८ च्या संग्रहातील प्रमाण वर्णपटावर बसवून तो ठरविला आहे. संग्राहकांनी हे आपल्या निबंधात स्वच्छ सांगितले आहे. लपवाछपवी कसलीच नाही. गंमत अशी की पिकल्स यांच्या संग्रहातील १३१ वर्णपट हेदेखील आधीच्या अनेक प्रकाशित संग्रहांचे संकलन आहे. म्हणजे पोहरा ज्या आडातून भरला, त्या आडातही पाणी अन्य विहिरींतून आणून ओतलेले.

अलीकडे एक प्रबंध तपासताना पुढील प्रकार आढळला. प्रबंधकाराने एका दीर्घिकेचे वय प्रथम पिकल्स यांच्या वर्णपटांवरून काढले, मग इंडो-यूएस संग्रहावरून काढले. दोन्ही उत्तरे जुळली, आणि त्याने या जुळणीला ‘स्वतंत्र पडताळा’ असे नाव दिले. वय मुख्यत्वे वर्णपटाच्या कलावरून काढलेले होते. आता ज्या कलाच्या बाबतीत दुसरा संग्रह पहिल्याचाच ऋणी आहे, त्या कलाविषयी दोघांची साक्ष एक झाली यात नवल ते काय? साक्षीदार दोन दिसले तरी पाहणारा एकच होता. विद्यार्थी मेहनती होता आणि त्याचे गणित निर्दोष होते. संग्रहाच्या प्रस्तावनेची काही पाने मात्र त्याने वाचली नव्हती.

हा दोष किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. वर्दी यांनी १९९४ साली दाखविल्याप्रमाणे, जुन्या तारकासमूहाचे वय तिप्पट केले आणि त्यातील धातूंचे प्रमाण निम्मे केले, तर त्याचे रंग आणि बहुतेक रेषा जवळजवळ होत्या तशाच राहतात. ही गाठ सोडविण्यास हायड्रोजनच्या रेषांचा उपयोग होतो, कलाचा फारसा होत नाही. अशा स्थितीत कलात राहून गेलेली लहानशी चूक वयात मोठी होऊन उगवते. म्हणूनच २००६ साली प्रसिद्ध झालेल्या माइल्स संग्रहाच्या कर्त्यांनी ला पाल्मा येथील २·५ मीटर दुर्बिणीने ९८५ तारे घेताना रुंद फटीतून वेगळी निरीक्षणे केली. ताऱ्याचा उजेड फटीबाहेर सांडू नये आणि कल विश्वासार्ह यावा, हा त्यात हेतू. त्या संग्रहाची मर्यादा ३,५२५ ते ७,५०० अँगस्ट्रॉम इतकी तोकडी आहे, पण कलाच्या बाबतीत मी त्याच्यावर अधिक विसंबेन.

मतभेदाने अशा ठिकाणी केवढा उपकार होतो याचाही एक दाखला आहे. ब्रूझुआल आणि शार्लो यांची २००३ ची प्रतिमाने सर्वत्र रूढ झाली. त्यांतील दृश्य प्रकाशाचा भाग मुख्यतः स्टेलिब संग्रहाच्या २४९ ताऱ्यांवर उभा होता. ती इतकी सोयीची होती की त्यांच्यावरून काढलेली उत्तरे एकमेकांशी सुखाने जुळत राहिली. क्लाउडिया मरास्टन यांनी २००५ साली वेगळी वाट धरली. आयुष्याच्या अखेरीस स्पंदणाऱ्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांचा वाटा त्यांनी ताऱ्यातील इंधनाच्या हिशोबाने काढला आणि तो मॅजेलनी मेघांतील तारकागुच्छांशी ताडून घेतला. २००६ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी हे गणित दूरच्या दीर्घिकांना लावले, तेव्हा वस्तुमाने सरासरीने सुमारे ६० टक्क्यांनी कमी निघाली. पुढे २०१० साली मारिस्का क्रीक आणि सहकाऱ्यांनी एका विशिष्ट वर्गाच्या दीर्घिकांत या ताऱ्यांचा वाटा कमीच असल्याचे दाखविले, तेव्हा मरास्टन यांचा आकडा जसाच्या तसा टिकला असे नाही. पण तोवर जे कोणी विचारीत नव्हते ते विचारले गेले, आणि ते संग्रहाबाहेरून आलेल्या सामग्रीमुळे.

आता प्रत्यक्ष वापराविषयी थोडे. संग्रहात दोन प्रकारचे आकडे शेजारी शेजारी बसलेले असतात आणि छापील पानावर ते सारखेच दिसतात. एक, निरीक्षणाचे : अमुक तरंगलांबीला अमुक तेज. दुसरे, अर्थनिर्णयाचे : त्या ताऱ्याचे पृष्ठतापमान, गुरुत्व, धातूंचे प्रमाण. पहिल्या प्रकारचे आकडे सावकाश जुने होतात. दुसऱ्या प्रकारचे लवकर. ‘सौर धातुप्रमाण’ हा साधा शब्द घ्या. जुन्या कोष्टकांत त्याचा अर्थ ०·०२ असा आहे. आस्प्लुंड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली सूर्याचाच हिशोब नव्याने केला तेव्हा तो ०·०१३४ निघाला, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. तेव्हा एका संग्रहातील ‘सौर’ तारा आणि दुसऱ्या कोष्टकातील ‘सौर’ मार्ग यांची सांगड घालताना दोन्हीकडे कोणता सूर्य अभिप्रेत आहे हे पाहावयास हवे. आपल्या प्रबंधांत संग्रहाचे नाव आणि वर्ष दिले जाते. कल कोठून आला, तापमाने कोणी ठरविली आणि सौर प्रमाण कोणते धरले, हे दिले जात नाही. त्यास चार ओळी पुरतात.

गेल्या काही वर्षांत संग्रह पुष्कळ वाढले आहेत. स्लोन सर्वेक्षणातील मास्टार संग्रहात सुमारे २४ हजार तारे आले, आणि ज्या उपकरणाने दीर्घिका पाहिल्या त्याच उपकरणाने हे तारे पाहिल्यामुळे तुलनेतील एक जुनी अडचण दूर झाली. आड रुंद झाला. तो अजूनही आपल्याच अंगणात आहे. गाइया यानाने २०१६ पासून प्रसिद्ध केलेल्या अंतरांमुळे जुन्या संग्रहांतील अनेक ताऱ्यांची तेजस्विता, आणि तिच्यावरून गुरुत्व, फिरून काढता येते. इंडो-यूएस संग्रहातील १,२७३ ताऱ्यांच्या बाबतीत हे काम हाती घेण्याजोगे आहे. त्यासाठी दुर्बिणीवर एक रात्रही मागावी लागणार नाही, आणि वर्णपट तर खुलेच आहेत.