सायकलस्वाराचे पक्षिपुस्तक आणि ‘सामान्य’ हा शब्द

डॉ. सालिम अली यांना मोटारसायकलींचे मोठे वेड होते. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे पक्षिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा ते आपली सनबीम मोटारसायकल बरोबर घेऊन युरोपात गेले होते. परंतु त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे पुस्तक मोटारसायकलवाल्यापेक्षा साध्या सायकलस्वाराला अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४१ साली ते प्रथम प्रसिद्ध केले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. सायकलीला पक्षिनिरीक्षणाची जोड देऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांनी हे पुस्तक कसे वाचावे आणि कोठे त्यावर विसंबू नये, याचा येथे विचार करू.

सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर धरला, तर आपण सेकंदाला सुमारे ४ मीटर पुढे जातो. विजेच्या तारेवरचा पक्षी ४० मीटरांवरून दिसला, तर तो मागे पडेपर्यंत आपल्याला १० सेकंद मिळतात. डोळ्याभोवतीचे कडे किंवा पंखावरची बारीक पट्टी पाहायला एवढा वेळ पुरत नाही. आकार, बसण्याची ढब, शेपटीची ठेवण आणि उडण्याची रीत टिपायला मात्र तो पुरतो. सालिम अलींचा भर नेमका याच गोष्टींवर आहे. पक्षी चिमणीएवढा, बुलबुलाएवढा की साळुंकीएवढा हे ते आरंभीच सांगतात. मग ओळखीच्या खुणा, आढळ, सवयी आणि घरटे अशी क्रमाने माहिती येते. कोतवालाची खोल दुभागलेली शेपटी, किंवा तारेवरून झेपावून कीटक पकडणारा व पुन्हा तारेवर येऊन बसणारा वेडा राघू, हे वर्णन एकदा वाचले की रस्त्यावर पक्षी ओळखायला चित्र उघडावे लागत नाही. नव्या मार्गदर्शिकांतील चित्रे अधिक अचूक आहेत, पण इतक्या थोड्या शब्दांत पक्ष्याची चालढाल डोळ्यांसमोर उभी करणारे लेखन त्यांत क्वचितच सापडते.

पुस्तकाची एक उणीव सहज भरून काढता येते. त्यातील पक्ष्यांचे आवाज इंग्रजी कानांनी ऐकलेले आहेत. पावशाची हाक तेथे ‘ब्रेन-फीव्हर’ अशी येते. आपल्या शेतकऱ्याला तीच हाक ‘पेरते व्हा’ अशी ऐकू येते. विद्यार्थ्यांनी आपापल्या कानाने ऐकलेले आवाज वहीत लिहावेत. सायकलला इंजिनाचा गोंगाट नसतो, म्हणून हे जमते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. एखादा पक्षी ‘सामान्य’ आहे असे पुस्तक म्हणते, तेव्हा म्हणजे किती, हे ते सांगत नाही. पांढऱ्या पाठीचे गिधाड हे त्यात आपल्याकडचे सर्वांत सामान्य गिधाड आहे, आणि त्या काळी ते खरेच होते. भारतातील त्याची संख्या १९९२ ते २००७ या काळात सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याला कारणीभूत असल्याचे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

ही घट किती मोठी आहे हे कळले कसे? १९९० च्या दशकाच्या आरंभी देशातील ठरावीक रस्त्यांवरून वाहनाने जात गिधाडे मोजली गेली होती. २००० पासून त्याच रस्त्यांवर पुन्हा मोजणी झाली. पहिल्या मोजणीचे आकडे नसते, तर ‘पूर्वी खूप असत’ एवढेच म्हणता आले असते.

हे मला माझ्याच वहीमुळे नीट उमगले. घर ते प्रयोगशाळा हा माझा ८ किलोमीटरांचा सायकलचा रस्ता आहे. हिवाळ्यात त्यावर नीलकंठ हटकून दिसे, अशी माझी आठवण आहे. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालात नीलकंठाची घट नोंदवलेली वाचली आणि मी जुन्या वह्या काढल्या. त्यांत तारीख आणि ‘नीलकंठ’ एवढेच लिहिलेले होते. किती होते ते नाही, आणि किती फेऱ्यांत एकही दिसला नाही तेही नाही. शास्त्रज्ञ असूनही मी केवळ यादी करत आलो होतो. माझ्या रस्त्यावरचे नीलकंठ कमी झाले की नाही, हे मी आज सांगू शकत नाही.

म्हणून शाळेसाठी एक साधी पद्धत सुचवतो. एकच रस्ता आणि एकच वेळ ठरवावी. ओळखता येणारे पाचच पक्षी निवडावेत: कोतवाल, वेडा राघू, खंड्या, टिटवी, नीलकंठ. प्रत्येक फेरीत त्यांची संख्या लिहावी, आणि एकही न दिसल्यास शून्य लिहावे. शून्य हीसुद्धा नोंदच आहे. तारेवरचा कोतवाल सहज दिसतो, झुडपातला सातभाई सुटतो. तेव्हा यंदाच्या कोतवालांची तुलना यंदाच्या सातभाईंशी करू नये, गेल्या वर्षीच्या कोतवालांशी करावी. दुर्बीण वापरायची असेल तर सायकल रस्त्याच्या कडेला उभी करून, पाय जमिनीवर टेकवूनच वापरावी.

सालिम अलींचे पुस्तक दप्तरात जरूर असावे, कारण पक्ष्याशी ओळख करून देण्याचे काम ते आजही उत्तम करते. मात्र त्यात ‘सामान्य’ हा शब्द आला की शेजारी पेन्सिलीने आपल्या रस्त्यावरचा आकडा आणि साल लिहावे. दहा वर्षांनी त्या वर्गात बसणाऱ्या मुलांना तो उपयोगी पडेल.