कापटिक छात्र : शाळेतला पोलीस आणि मैत्रीचा सापळा

आज ग्रंथ बाजूला ठेवून एका शाळेपासून सुरुवात करतो. ग्रंथ नंतर येतीलच, माझी ती खोड काही जायची नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात टेमेक्युला नावाचं गाव आहे. २०१२ साली तिथल्या एका हायस्कुलात सतरा वर्षांचा एक मुलगा नव्याने दाखल झाला. त्याला स्वमग्नता होती, म्हणजे आपण ऑटिझम म्हणतो ती. समोरच्याच्या बोलण्यातली खोच त्याला कळत नसे, आणि मित्र असा कुणी नव्हताच. त्याच सुमारास वर्गात आणखी एक नवा मुलगा आला. तो याच्याशी बोलायला लागला, फोनवरून निरोप पाठवायला लागला. घरी आई-वडिलांना हायसं वाटलं, चला, एक तरी मित्र मिळाला! मग त्या मित्राने विचारलं, ‘मला गांजा आणून देशील का?’ एकदा विचारलं, दोनदा विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. काही आठवडे हे चाललं होतं. शेवटी या मुलाने त्याच्याकडून वीस डॉलर घेतले, रस्त्यावरच्या एका बेघर माणसाकडून चिमूटभर गांजा मिळवला आणि आणून दिला. पुढे आणखी एकदा तसंच झालं. त्यानंतर त्याने नाही म्हटलं, आणि मैत्री आटली.

डिसेंबरमध्ये पोलीस वर्गात आले आणि त्याला घेऊन गेले. त्या मोहिमेत एकंदर बावीस विद्यार्थ्यांना अटक झाली. तो ‘मित्र’ अर्थातच पोलीस होता.

आजचा आपला विषय हा आहे. हायस्कुलात विद्यार्थी म्हणून पोलीस पाठवायचे आणि ड्रग्ज विकणारी मुलं पकडायची, या पद्धतीकडे नीतीच्या दृष्टीने कसं पाहायचं? पोलिसांना शिव्या घालणं सोपं आहे, त्यासाठी व्याख्यानाची गरज नाही. या पद्धतीमागचा जो युक्तिवाद आहे तो नीट मांडून तपासायचा, एवढंच मी करणार आहे.

थोडा इतिहास पाहू. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी हा कार्यक्रम १९७४ मध्ये सुरू केला आणि सुमारे तीस वर्षं चालवून बंद केला. मोठे विक्रेते क्वचितच सापडतात, सापडतात ती किरकोळ मुलं, आणि त्यांतही विशेष शिक्षण घेणारी मुलं बरीच, अशी टीका त्यावर झाली होती. तिथे बंद पडला तरी इतरत्र तो चालूच राहिला. २०११ साली फ्लोरिडात अशीच एक मोहीम झाली. तीत पकडलेल्यांपैकी अठरा वर्षांचा एक हुशार विद्यार्थी पुढे रेडिओवर बोलला. त्याच्या सांगण्याप्रमाणे वर्गातल्या नव्या मुलीवर त्याचं मन बसलं होतं, तिने गांजा मागितला, याने कुठूनतरी मिळवून दिला. पैसे नको म्हणत होता, तिने घ्यायला लावले. पंचवीस डॉलर. ती मुलगी पोलीस होती.

आता हे सगळं लोकांच्या डोळ्यांसमोर कोणत्या रूपात आलं? ‘२१ जंप स्ट्रीट’ ही मालिका १९८७ मध्ये सुरू झाली. जॉनी डेप तीतून घराघरांत पोहोचला. २०१२ मध्ये त्याच नावाचा विनोदी चित्रपट आला, म्हणजे टेमेक्युलाच्या अटका झाल्या त्याच वर्षी. चित्रपट मी पाहिलाय, हसलोही आहे. दोन पोलीस पुन्हा शाळेत जातात, एकाला शाळेत असताना न मिळालेली लोकप्रियता आता मिळते, आणि शेवटी ड्रग्जचा पुरवठादार कोण निघतो? शाळेतलाच एक शिक्षक. म्हणजे कथेत मोठा मासा गळाला लागतो. टेमेक्युलात त्या मुलाच्या मागे कोण होतं? रस्त्यावरचा एक बेघर माणूस.

पण समीक्षक म्हणून माझा आक्षेप वेगळा आहे. कल्पित कथेत अतिशयोक्ती असायचीच. पण या कथाप्रकारात पोलीस शाळेत शिरतो तेव्हा गुन्हा तिथे आधीपासून हजर असतो. तो फक्त शोधायचा असतो. त्यामुळे ‘पोलीस आला नसता तर हा गुन्हा घडला असता का?’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभाच राहत नाही. शिवाय कॅमेरा कायम पोलिसाच्या खांद्याशी. ज्याच्याशी मैत्री केली त्या मुलाचं नंतर काय झालं, हे बघायला कुणी थांबत नाही.

तर तो प्रश्न आपण विचारू. कायद्याने तो कधीच विचारला आहे. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय १९३२ मध्ये सॉरेल्स खटल्यात त्याच्याशी भिडलं. दारूबंदीचा काळ होता. एक अधिकारी प्रवासी बनून एका माणसाकडे गेला. दोघेही पहिल्या महायुद्धातले सैनिक, जुन्या आठवणी निघाल्या, आणि गप्पांच्या ओघात तो पुन्हा पुन्हा दारू मागत राहिला. शेवटी त्या माणसाने आणून दिली. १९५८ चा शर्मन खटला तर याहून बोलका आहे. व्यसन सोडवण्यासाठी डॉक्टरकडे जाणारा एक माणूस. तिथेच भेटलेला दुसरा रुग्ण त्याला म्हणतो, मला उपचार लागू पडत नाहीत, त्रास होतोय, काहीतरी मिळवून दे. तो दुसरा रुग्ण सरकारी खबऱ्या होता. दोन्ही खटल्यांत न्यायालयाने शिक्षा रद्द केली.

काय लक्षात येतं? दोन्ही ठिकाणी आमिष पैशाचं नव्हतं. एकीकडे सोबतीपणाचं होतं, दुसरीकडे करुणेचं. माणसातल्या चांगल्या गुणाला गळ लावला होता.

पण पुढे कायद्याने एक कसोटी पक्की केली : आरोपीचा आधीपासून गुन्ह्याकडे कल होता का? कल असेल तर पोलिसांनी फक्त संधी दिली, नसेल तर पोलिसांनी गुन्हा निर्माण केला. प्रौढ माणसाच्या बाबतीत ही कसोटी निदान समजू तरी शकते. माझं म्हणणं असं, की सतरा वर्षांच्या मुलाला ती लावता येत नाही. दया म्हणून हे म्हणत नाही. तिथे त्या कसोटीला अर्थच उरत नाही.

का ते सांगतो. ॲरिस्टॉटल म्हणतो की शील हे जन्मजात नसतं. जशी कृत्यं वारंवार करू तसं ते घडत जातं. सतार वाजवून सतारिया होतो, तसंच हे. आता सतरा वर्षं हे वय कोणतं? शील घडण्याचं. म्हणजे या मुलाचा ‘कल’ ही कुठे आत दडलेली वस्तू नाही, की सापळा लावला आणि ती बाहेर आली. तो कल त्या आठवड्यांत, त्या मागण्यांतून घडतोय. सापळा इथे मुलाचं मन वाचत नाही, तो त्या मनावर लिहितो आहे. आणि आपण लिहिलेलंच वाचून दाखवून वर म्हणायचं, बघा, सापडलं!

कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९७९ मध्ये वेगळी कसोटी घेतली. आरोपीच्या मनात डोकावू नका, पोलिसांचं वर्तन पाहा : एरवी कायदा पाळणाऱ्या माणसालाही ते गुन्ह्याकडे ढकलेल का? आणि मैत्रीला किंवा सहानुभूतीला केलेलं आवाहन हे त्या न्यायालयाने अशा वर्तनाचं उदाहरण म्हणूनच दिलंय. टेमेक्युला त्याच राज्यात आहे, बरं का! पण अमेरिकेत बहुतेक फौजदारी प्रकरणं खटला न चालताच कबुलीवर मिटतात. हक्क पुस्तकात राहतो, आणि सतरा वर्षांचं पोर आई-वडिलांसोबत वकिलासमोर बसलेलं असतं. शाळेने त्या मुलाला काढून टाकायचं ठरवलं होतं. पालक भांडले आणि २०१३ मध्ये प्रशासकीय न्यायाधीशाने त्याला परत घ्यायला लावलं.

आता आपल्याकडे येऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गुप्तहेरांचे प्रकार सांगितलेत. त्यात पहिला आहे ‘कापटिक’. कोण हा? दुसऱ्याचं मर्म ओळखणारा, धीट असा छात्र. विद्यार्थ्याच्या रूपातला हेर! म्हणजे ही युक्ती अमेरिकेने शोधली असं कुणी समजू नये. कौटिल्य काही हळवा माणूस नव्हे. अमात्यांची परीक्षा घेण्यासाठी चार ‘उपधा’, म्हणजे आमिषाच्या कसोट्या, त्याने सांगितल्या आहेत : धर्माची, अर्थाची, कामाची, भयाची. पण लगेच तो थांबतो आणि बजावतो, की जो बिघडलेला नाही त्याला बिघडवू नये. पाण्यात विष कालवावं तसं ते होईल, आणि एकदा बिघडलेल्यावर कदाचित औषध सापडणार नाही. आपल्या रा. पं. कंगले यांनी अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, मुंबई विद्यापीठाने ती तीन भागांत छापली. पहिलं अधिकरण काढून हा भाग जरूर वाचा. मुरलेल्या अमात्यांबद्दल कौटिल्य हे म्हणतोय. पोरांबद्दल काय म्हणाला असता?

आता दुसरी बाजू. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, सर, सापळे तर आपल्याकडेही लावतात. लाचलुचपतवाले लावतात, त्यांना आपण शाबासकी देतो. अगदी बरोबर. पण फरक पाहा. तिथे तक्रारदार आधी येतो. ‘साहेब पैसे मागताहेत’ म्हणून तो येतो, मग सापळा. मागणी सिद्ध झालीच पाहिजे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्येही सांगितलंय. म्हणजे मागणी आरोपीची असते. शाळेतल्या सापळ्यात मागणी कोणाची? पोलिसाची. एकाच शब्दाने आपण दोन उलट्या गोष्टींना हाक मारतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ज्यांची मुलं गेली त्या आई-वडिलांना काय सांगणार? मला त्यांच्यापुढे बोलायचं धाडस नाही. ड्रग्जने घरं उद्ध्वस्त होतात, हे खरंच आहे. म्हणूनच तर विचारायचं, की या पद्धतीने ती वाचतात का? तिथल्या न्याय खात्यासाठी ग्रॅम न्यूमन या अभ्यासकाने २००७ मध्ये अशा सापळ्यांवर मार्गदर्शिका लिहिली. फायदा झालाच तर तात्पुरता, आणि कधी कधी गुन्हे वाढण्याचाच धोका, असा तिचा सूर आहे. कारण उघड आहे. या सापळ्यात कोण अडकतं? खरा विक्रेता अनोळखी माणसापासून चार हात लांब राहतो. अडकतो तो, ज्याला नाही म्हणता येत नाही. एकटा, नवा, प्रेमात पडलेला. ही चाळणी गुन्हेगारीची नाहीच, ती एकटेपणाची आहे.

आणि कांटची एक कसोटी लावून पाहा : जे तत्त्व जाहीर करताच कोसळतं ते न्याय्य नसतं. समजा, शाळेने फळ्यावर लिहिलं, ‘नवा विद्यार्थी पोलीस असू शकतो.’ काय होईल? पुढच्या वर्षी खरोखर नवा आलेला मुलगा डबा एकटाच खाईल. ही किंमत कोणत्याही पोलीस अहवालात येत नाही.

आता एक कबुली देतो. तरुणपणी मी एका कॉलेजच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. रात्री गच्चीवर गांजा ओढला जातो अशी कुणकुण होती. मी पहिल्या वर्षाच्या एका मुलाला बोलावलं. खेड्यातून आलेला, गरीब, मला फार मानणारा. म्हटलं, तू त्यांच्यात बसत जा आणि मला सांगत जा. त्याने सांगितलं. तीन मुलांना मी घरी पाठवलं आणि स्वतःवर खूश झालो. पंधरा दिवसांत सगळ्यांना कळलं कोणी सांगितलं ते. कुणी त्याला मारलं नाही, काही नाही. फक्त त्याच्याशी बोलणं बंद झालं. दिवाळीला तो घरी गेला तो परत आलाच नाही. त्या वर्षी मी नीतिशास्त्रच शिकवत होतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे फळ्यावर लिहीत होतो.

मग काय करायचं? पोलिसांनी हात बांधून बसावं असं मी म्हणत नाही. साखळी वरून धरा, म्हणजे मुलांच्या हाती माल देणाऱ्या प्रौढांकडून. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७८ आहे : मुलाला अंमली पदार्थ विकायला किंवा पोचवायला वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्या कलमामागचा विचार बघा, मुलाला वापरणं हाच गुन्हा. आणि मग टेमेक्युलातल्या त्या ‘मित्रा’ने काय केलं, ते तुमच्याच शब्दांत स्वतःला सांगून पाहा. शाळेत पोलीस धाडायला पैसे असतील तर समुपदेशक नेमायलाही असले पाहिजेत. मुलांशी ओळख वाढवणारं माणूस शाळेत हवंच आहे, फक्त त्याने आपण कोण ते सांगून यावं.

तो मुलगा आज पन्नाशीच्या पुढे असेल. कधी भेटला तर माफी मागायची आहे. इथे थांबतो.